गाड्यांनीही तेवढीच माणसं मरतात, मग बंदुकांवरच एवढी चर्चा का?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबारांबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर खूप पत्रं आणि मेल आल्या. या महिन्यात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून यातलेच काही घेतेय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : मॅडम, मी नाशिकला असतो, रिटायर्ड आहे. मुलगा ह्यूस्टनजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी घर घेतलं आणि आता पिस्तूल पण घेतलंय. घरात दोन नातवंडं आहेत, मोठा चौदाचा, धाकटी सातची. मी काळजी बोलून दाखवली की तो आकडे सांगतो. म्हणतो बाबा, इथे रस्त्यावर वर्षाला चाळीस हजार माणसं मरतात, ड्रग्जने लाखभर, सिगरेटने तर विचारूच नका, आणि टीव्हीवर दिवसरात्र फक्त शूटिंग. शाळेत, मॉलमध्ये जे शूटिंग होतात त्यात मरणारे एकूण गोळीने मरणाऱ्यांत शंभरात एक-दोन पण नसतात. मग गाड्या बंद करा म्हणून कोणी का ओरडत नाही? मला उत्तर देता येत नाही कारण आकडे खरेच वाटतात. तो चुकतोय का?

उत्तर : काका, आकडे खरे आहेत. ते खोटे म्हणून भांडायला जाऊ नका, तिथेच वाद हराल आणि मुद्दा राहून जाईल. २०२३ मध्ये अमेरिकेत रस्ते अपघातांत ४० हजारांच्या वर माणसं गेली, ड्रग्जच्या ओव्हरडोसने १ लाख ५ हजार, आणि तंबाखूने दर वर्षी ४ लाख ८० हजार जातात असा तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा जुना अंदाज आहे. बंदुकीने गेले ४६,७२८. शाळा-मॉलमधल्या मोठ्या शूटिंगचा वाटा शंभरात एक-दोन हेही बरोबर आहे, सामूहिक गोळीबार कशाला म्हणायचं त्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं एवढंच.

आता यातला २०२३ चा बंदुकीचा आकडा जरा उघडून बघा. ४६,७२८ मधले १७,९२७ खून आहेत आणि २७,३०० आत्महत्या. म्हणजे शंभरातले अठ्ठावन्न आत्महत्या. तुमचा मुलगा बरोबर म्हणतो की टीव्ही शूटिंगच दाखवतो, पण मग टीव्ही जे दाखवत नाही तिकडे त्याने तरी बघावं ना. बंदुकीने होणारा सगळ्यात जास्त प्रमाणातला मृत्यू हा बेडरूममध्ये, गॅरेजमध्ये, अंगणात उभ्या केलेल्या गाडीत एकट्याने होतो आणि त्याची बातमी होत नाही.

हे आकडे शेजारी शेजारी मांडून गप्प बसवण्याचा प्रकार नवा नाहीये. ऑगस्ट २०१९ मध्ये टेक्सासमधलं एल पासो आणि ओहायोमधलं डेटन इथे चोवीस तासांच्या आत दोन गोळीबार झाले. त्यानंतर लगेच नील डिग्रास टायसन या नावाजलेल्या खगोलशास्त्रज्ञांनी ट्विट केलं, की ४८ तासांत एवढे गोळीबारात गेले, पण तेवढ्याच वेळात डॉक्टरांच्या चुकांनी, फ्लूने, आत्महत्येने, गाड्यांनी त्याहून कितीतरी जास्त जातात. लोक भयंकर चिडले आणि त्यांना माफी मागावी लागली. बहुतेकांना वेळ चुकलेली वाटली, प्रेतं अजून हॉस्पिटलात होती. मला मात्र त्या यादीतच दोष दिसला. त्यांनी आत्महत्या एका रकान्यात टाकल्या आणि बंदुकीने होणारे खून दुसऱ्या, जणू दोघांचा काही संबंध नाही, आणि अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या बंदुकीनेच होतात. ज्या आकड्याने बंदुकीचा प्रश्न छोटा दाखवायचा होता त्याच आकड्याच्या पोटात बंदूक होती.

आता गाड्यांचं. ही तुलना मला आवडते, आणि तुमच्या मुलाने ती अर्धवट सोडू नये असं मला मनापासून वाटतं. १९६६ साली अमेरिकेत रस्त्यावर ५० हजारांच्या वर माणसं मेली. तोपर्यंत सगळे म्हणायचे ड्रायव्हरची चूक, माणूस नीट चालवत नाही त्याला गाडी काय करणार. (बंदूक मारत नाही, माणूस मारतो, हे त्याच चालीवरचं वाक्य आहे.) त्याच वर्षी वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि नव्या सरकारी यंत्रणेवर पहिला प्रमुख म्हणून नेमला गेला एक डॉक्टर, विल्यम हॅडन, साथरोगांचा अभ्यास केलेला. त्याचं म्हणणं असं की अपघात हा आजारासारखा अभ्यासायचा. धडक होण्याआधी काय, धडकेच्या क्षणी काय, नंतर काय, आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस, गाडी आणि रस्ता यात काय बदलता येईल. मग सीटबेल्ट आले, छातीत न घुसणारा स्टिअरिंगचा दांडा आला, एअरबॅग आल्या, धडकल्यावर मोडून पडणारे रस्त्याकडेचे खांब आले, १९८४ पासून राज्याराज्यांत सीटबेल्ट सक्तीचे व्हायला लागले, त्याच साली दारू प्यायचं वय एकवीस करायला केंद्राने राज्यांचा रस्त्यांचा निधी पणाला लावला, पोरांना लायसन टप्प्याटप्प्याने द्यायची पद्धत आली. १९६६ ला दर दहा कोटी मैलांमागे साडेपाच माणसं मरायची, आता सव्वाच्या आसपास मरतात. गाड्या बंद कोणी केल्या नाहीत, उलट कितीतरी पटीने वाढल्या.

म्हणजे "गाड्या बंद करा म्हणून कोणी ओरडत नाही" याचं उत्तर असं आहे काका, की ओरडले होते, खूप ओरडले होते, कंपन्यांशी भांडले, संसदेत भांडले, साठ वर्षं सतत काम केलं, म्हणून आकडा चाळीस हजारांवर आहे, नाहीतर आजच्या गाड्या आणि आजचं अंतर बघता दीड लाखावर गेला असता.

बंदुकीच्या बाबतीत हेच काम सुरू झालं होतं आणि ते थांबवलं गेलं. नव्वदच्या दशकात सीडीसीच्या पैशातून अभ्यास होत होते, आर्थर केलरमन या डॉक्टरचा १९९३ चा अभ्यास गाजला, घरात बंदूक असेल तर घरातल्याच माणसाचा खून होण्याची शक्यता जवळपास पावणेतीनपट दिसली. बंदूकवाल्या लॉबीने आरडाओरडा केला आणि १९९६ मध्ये जे डिकी या आर्कान्सॉच्या खासदाराच्या नावाने एक कलम आलं, की सीडीसीने गन कंट्रोलचा प्रचार होईल अशा कामाला पैसे वापरायचे नाहीत. सोबत बजेटमधून २६ लाख डॉलर कापले, म्हणजे या संशोधनावर जेवढा खर्च होता बरोब्बर तेवढेच. अभ्यास करू नका असं कलमात लिहिलेलं नव्हतं, पण नोकरी कोणाला धोक्यात घालायचीये, सगळे गप्प झाले. वीसेक वर्षं हे चाललं. पुढे गंमत नाही, खरंच घडलेलं सांगते, त्याच डिकींनी २०१२ मध्ये, ज्या सीडीसीच्या डॉ. मार्क रोझेनबर्गशी त्यांचं भांडण होतं त्यांच्याचबरोबर वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहिला की संशोधनाला पैसे द्या, रस्त्यांसाठी केलं तसं करा. पैसे परत मिळाले ते २०२० च्या बजेटात, अडीच कोटी डॉलर, सीडीसी आणि एनआयएच या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेत निम्मे निम्मे. तोवर डिकी वारले होते.

मुलगा घटनेचा मुद्दा काढेलच. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आहे, शस्त्र बाळगायच्या हक्काची, २००८ च्या हेलर निकालात सुप्रीम कोर्टाने स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवायचा हक्क व्यक्तीचा आहे असं म्हटलंय, ते मान्यच. पण त्याच निकालात हा हक्क अमर्याद नाही असंही लिहिलंय. आणि तुम्हाला त्याच्याशी कायद्यावर भांडायचंच नाहीये, तुम्हाला नातवंडांची काळजी आहे.

तर त्याबद्दल. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण बंदूक आहे, तोपर्यंत गाड्या होत्या. अठरा-एकोणीसची मोठी पोरं धरून आकडा फुगवलाय असं म्हणणारे आहेत, ती वगळून १ ते १७ घेतली तरी बंदूक पहिलीच येते. आणि दुसरं, ह्यूस्टनमध्येच झालेला एक अभ्यास आहे, २००१ साली छापलेला, आत्महत्येच्या प्रयत्नातून जेमतेम वाचलेल्या तरुणांना विचारलं की ठरवल्यापासून करेपर्यंत किती वेळ गेला, तर जवळपास चौथा हिस्सा म्हणाला पाच मिनिटांहून कमी. ती पाच मिनिटं फार महत्त्वाची आहेत. जे वाचतात त्यातले दहातले नऊ पुढे आत्महत्येने मरत नाहीत, जगतात, लग्नं करतात, म्हातारे होतात. पण त्या पाच मिनिटांत हाताला काय लागतं त्यावर सगळं ठरतं, आणि बंदूक हाताला लागली तर वाचायची संधी जवळजवळ उरत नाही.

तुमचा मोठा नातू चौदाचा आहे. परीक्षेत कमी मार्क, मित्राशी भांडण, मोबाईल काढून घेतला, या वयात एखादी संध्याकाळ किती काळी होऊ शकते हे आपल्याला माहितीये. म्हणून मुलाला एवढंच सांगा की ठेवायचंच असेल तर गोळ्या काढून ठेव, पिस्तूल कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि किल्ली किंवा नंबर पोराला ठाऊक नको. "त्याला माहितीच नाही कुठे ठेवलंय" हे बहुतेक आईबापांना वाटतं, पोरांना माहीत असतं. केबल लॉक म्हणून एक साधी वस्तू मिळते, प्लास्टिकचं आवरण असलेली जाड तार आणि तिला छोटं कुलूप, ती तार पिस्तुलाच्या आतून ओवली की गोळी भरताच येत नाही. तिथे बऱ्याच पोलीस स्टेशनांत ती फुकट देतात. आणि घरात कोणी उदास आहे असं दिसलं, तर तेवढे महिने पिस्तूल घराबाहेरच ठेव म्हणावं. त्याला चूक-बरोबर ठरवायच्या फंदात पडू नका, बाप म्हणून सांगा, ऐकेल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सहा वर्षांची आहे, शाळेतल्या अमेरिकन मैत्रिणीने प्लेडेटला, म्हणजे तिच्या घरी खेळायला, बोलावलंय. तिच्या आईला "तुमच्याकडे गन आहे का" असं विचारायचं म्हणजे मला फार विचित्र वाटतं, नवरा म्हणतो उगाच अपमान होईल. विचारावं का?

उत्तर : विचारा, नक्की विचारा. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाच पालकांना विचारायला सांगते. अमेरिकेत दहातली चारएक मोठी माणसं बंदूक असलेल्या घरात राहतात, म्हणजे हा प्रश्न कुत्रा आहे का, स्विमिंग पूलला कुंपण आहे का याच यादीतला आहे, आणि तसाच त्या यादीत घालून विचारला की टोचत नाही. फोनवर जमत नसेल तर मेसेज करा, "हिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, पोहता येत नाही, आणि सगळ्यांनाच विचारते म्हणून विचारते, घरात गन असेल तर ती लॉक करून ठेवलेली असते ना?" बस. "आहे का" यापेक्षा "लॉक असते ना" हे बरं पडतं, कारण मग समोरच्याला आपण वाईट आहोत असं वाटत नाही. उत्तर गुळमुळीत आलं तर मुलांना तुमच्याकडे बोलवा, पोहे करा, खेळू दे. अपमान वाटला तर वाटला. समोरची बाई समजूतदार असेल तर पुढच्या वेळी तीच दुसऱ्या कोणाला विचारेल.

तुमच्या डॉक्टरनेही हे विचारलं तर दचकू नका. फ्लोरिडाने २०११ मध्ये डॉक्टरांनी बंदुकीबद्दल विचारूच नये असा कायदा केला होता, कोर्टाने २०१७ मध्ये त्यातला मुख्य भाग रद्द केला.

प्रश्न : आरोग्याच्या सदरात अमेरिकेचं राजकारण कशाला? तुम्ही डायबेटिसवर लिहा.

उत्तर : डायबेटिसवर पुढच्या महिन्यात आहेच. पण जे माणसं मारतं आणि टाळता येतं ते सगळं आरोग्यात येतं. २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर बोलणारे सरकारचे मुख्य डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी बंदुकीच्या हिंसेला सार्वजनिक आरोग्याचं संकट म्हटलं, त्यांच्याच पदावरून १९६४ साली सिगरेटवरचा पहिला मोठा अहवाल निघाला होता, आणि तेव्हाही हे राजकारण आहे, डॉक्टरांनी यात पडू नये असं म्हणणारे होते. तेव्हा दहातली चार मोठी माणसं ओढायची, आता जेमतेम एक ओढतो.

प्रश्न : मॅडम, माझं यवतमाळ जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे. तुम्ही अमेरिकेच्या बंदुकीवर लिहिलं ते वाचून बायको म्हणाली, त्यांच्या घरात बंदूक तसं आपल्या घरात औषधाची बाटली. ते डोक्यातून जात नाहीये. आमच्या गावातले गेले ते बहुतेक फवारणीचं औषध घेऊन गेले, आणि त्यातलं एखादं माझ्याच काउंटरवरून गेलेलं असेल. मी काय करू?

उत्तर : दादा, तुमच्या पत्रामुळेच हा सगळा अंक मी या विषयाला दिला. वहिनींनी जे म्हटलं ते जगभरातल्या या विषयाच्या अभ्यासकांनी मान्य केलेलं आहे, हाताशी असलेलं साधन जितकं जीवघेणं तितके मृत्यू जास्त.

मी इंटर्नशिपला विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात होते. फवारणीच्या दिवसांत रात्री अशी माणसं यायची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून, अंगाला त्या औषधाचा उग्र वास, तोंडाला फेस, बाहुल्या अगदी टाचणीएवढ्या झालेल्या. एक मुलगी आठवते, सतरा-अठराची, घरात कशावरून तरी बोलाचाली झाली आणि गोठ्यातल्या फळीवर ठेवलेली बाटली हाताला लागली. पोट धुतलं, ॲट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचा उतारा, देत राहिलो, दर थोड्या वेळाने बाहुल्या आणि छाती बघायची आणि डोस ठरवायचा, आई पायथ्याशी बसून तिचे पाय चोळत होती. चौथ्या दिवशी बोलायला लागली तर पहिलं काय विचारलं, बारावीच्या फॉर्मची तारीख गेली का. तिला मरायचं नव्हतं हो. तिच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस मात्र वाचला नाही, दोघांच्या दुःखात नाही, बाटलीत फरक होता.

आपल्या देशात २०२२ मध्ये १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, राज्यांत सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, २२,७४६. रस्ते अपघातांत त्याच वर्षी १,६८,४९१ गेले. म्हणजे नाशिकच्या काकांच्या मुलाने जी तुलना केली ती इथेही करता येते, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. पण अपघातांतही तेवढेच जातात म्हणून बाटलीकडे बघू नये असं आपण म्हणणार आहोत का?

श्रीलंकेत काय झालं ते सांगते. १९९५ च्या सुमाराला तिथे आत्महत्येचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या देशांत होतं, लाखामागे ४७. त्यांनी सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली, १९९५ ला काही, १९९८ ला काही, २००८ पासून पुढे आणखी तीन. वीस वर्षांत प्रमाण सत्तर टक्क्यांनी उतरलं. दुःखं कमी झाली नव्हती, त्यातली बरीच वर्षं तर यादवी युद्धात गेली, औषध घेणाऱ्यांची संख्याही त्या मानाने फारशी उतरली नाही, पण घेणारे वाचायला लागले. आणि शेतीचं उत्पादन घटल्याचं दिसलं नाही, कारण कमी विषारी पर्याय होते.

आता एक गोष्ट मला तुमच्यापासून लपवायची नाही. तिथेच घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटूनही बघितल्या, ५० हजारांवर घरांत मोठा अभ्यास केला, २०१७ मध्ये निकाल आला, आणि पेट्यांनी फरक पडला नाही. किल्ली खुंटीवरच लटकत असते, पेटी उघडीच राहते, हंगामात दिवसातून दोनदा कोण कुलूप लावणार. वर मी ह्यूस्टनला कुलूप लावायला सांगितलं आणि इथे कुलूप चालत नाही म्हणतेय, तर फरक असा की बंदूक रोज लागत नाही आणि तिथे कुलपाचा उपयोग मुख्यतः लहान आणि वयात येणाऱ्या पोरांना वाचवायला होतो, त्याचा पुरावा चांगला आहे. पण मोठ्या माणसाला त्याचं स्वतःचं कुलूप थांबवत नाही. म्हणून फवारणीच्या औषधाच्या बाबतीत सगळ्यात जास्त उपयोग बंदीचा आणि ते सरकारचं काम आहे, तुमचं एकट्याचं नाही. हे ओझं तुम्ही एकट्याने घेऊ नका.

तरी काउंटरवर तुमच्या हातात काही आहेच. माणूस आला की पीक कोणतं, कीड कोणती, किती एकर, पंप कोणता, हे विचाराच, ते तसंही विचारायचंच असतं. ज्याला खरंच फवारायचंय तो पटापट सांगतो, उलट तुमच्याकडून सल्ला घेतो. ज्याला सांगता येत नाही, जो हंगाम नसताना आलाय, नेहमीचा गिऱ्हाईक नाही, एकटाच आहे, प्यायलेला आहे, नुसतं "कडक काय आहे ते द्या" म्हणतो, त्याला देऊ नका. स्टॉक संपलाय म्हणा, उद्या गाडी येणार आहे म्हणा. तेवढ्यात चहा सांगा, बसवा, ओळखीचा असेल तर घरी फोन करा, त्याच्यासमोर नाही, मागच्या खोलीतून. आणि मन घट्ट करून सरळ विचारलं, "दादा, जीवाचं काही बरंवाईट करायचा विचार आहे का", तरी चालतं, विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार नव्याने जात नाही, उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं म्हणून रडू फुटतं. दोन औषधं सारखंच काम करत असतील तर डब्यावरचा रंगाचा त्रिकोण बघा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, आणि खालचं द्या. शेतकऱ्याच्या फुप्फुसालाही तेच बरं, २०१७ ला तुमच्याच जिल्ह्यात नुसत्या फवारणीने किती जण दगावले ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहितीये.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. मोठ्या अक्षरात लिहून काउंटरच्या काचेखाली लावा, आणि बिलाच्या मागेही छापून घ्या. अमेरिकेतल्या वाचकांसाठी तिथला नंबर ९८८. तालुक्यातल्या बाकीच्या केंद्रवाल्यांची मीटिंग असते ना तुमची, तिथे हे मांडा. हंगामाआधी मीटिंग ठेवली आणि मला कळवलं तर मी यायला तयार आहे, पत्ता संपादकांकडे आहे.